काहीही आक्षेपार्ह आढळले नाही

भिंगदादासाठी आमच्या मंडळाच्या सभागृहात दोनदा टाळ्या वाजल्या. पहिल्या वेळी तो लाजून हसला. दुसऱ्या वेळी टाळ्या थांबायच्या आत उठून निघून गेला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो का गेला हे अजूनही कळलेलं नाही, आणि ते त्यांना समजावता समजावता मी मेटाकुटीला आले आहे. उभा जन्म मुलांना शिकवण्यात गेला. अपूर्णांक डोक्यात शिरत नाहीत म्हणून रडणाऱ्या पोरांवर मी कधी आवाज चढवला नाही. पण मागच्या महिन्यात सत्तरीतल्या शहाण्यासुरत्या माणसांपुढे टेबलावर हात आपटला, तो अजून दुखतोय.

आमचं मंडळ साधं आहे. देव आहे की नाही हा वाद ज्याचा त्याने आपल्या घरी घालावा, पण माणसाने माणसाशी नीट वागावं आणि त्यासाठी कुणाची भीती किंवा आमिष लागू नये, असं मानणारी आम्ही पाचपन्नास माणसं. एक सभागृह, वर पुस्तकांची खोली आणि घडीच्या खुर्च्या, ज्यांतल्या निम्म्यांची आता घडी होत नाही. अध्यक्ष म्हणजे माझे धाकटे दीर. नोकरीत असताना पूल बांधायचे, आता सभा बांधून ठेवतात. मी त्यांना भावजी म्हणते, ते त्यांना सभेत खटकतं.

"वहिनी, इथे तरी अध्यक्ष म्हणा."

"बरं, अध्यक्ष भावजी."

दर रविवारी सकाळी मी सभागृहात मुलांचा वर्ग घेते. पाण्याचे, हवेचे, उजेडाचे प्रयोग. वर्गाचा एकच नियम आहे आणि तो फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचा रंगवून घेतला आहे : "आधी काय पाहिलं ते सांग, मग शंका सांग." एखादं पोर म्हणालं, "हे पाणी खराब आहे," की बाकीची सगळी ओरडतात, "काय पाहिलंस?" रंग पाहिला, वास आला, काही तरंगताना दिसलं, तर शंकेला जागा. उगाच वाटलं, तर खाली बस.

भिंगदादा वर्गात आला तो एका मुलीचा मोडलेला चष्मा घेऊन. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तो काचा घासतो. खेळताना चष्म्याची दांडी तुटली होती, ती बसवून द्यायला आला आणि दारात उभा राहून आमचा प्रयोग बघत बसला. पुढच्या रविवारी खिशातून भिंगं घेऊन आला. मुलांनी त्याचं बारसं त्याच दिवशी केलं. शिकवण्याची त्याची रीत मला फार आवडायची. भिंग खिडकीसमोर धरायचा, समोरच्या भिंतीवर बाहेरचं झाड उलटं उमटायचं, आणि हा गप्प. मुलं ओरडून ओरडून विचारायची, तरी गप्प. शेवटी कुणीतरी स्वतःच उत्तराच्या जवळ पोचायचं, तेव्हा म्हणायचा, "हं. आता बोल पुढे."

तो आल्यापासून मी माझ्या गुडघ्यांची काळजी सोडली होती. माझ्यानंतर वर्ग त्याने चालवावा, एवढंच मला हवं होतं. आजही तेवढंच हवं आहे.

मंडळाने गेल्या वर्षी एक मोहीम हाती घेतली. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया एकत्र संसार करत असतील तर त्यांना लग्नाचा हक्क असावा, नोकरीत आणि घर भाड्याने घेताना त्यांना कुणी नाडू नये, यासाठी सह्या गोळा करायच्या. सभा भरली. भाषणं चांगली झाली, भावजींचं तर फारच चांगलं झालं, फक्त लांबलं. आणि शेवटी मागच्या रांगेतून भिंगदादा उठला.

"मी भाषण करत नाही," तो म्हणाला. "हा माझा जोडीदार." शेजारी बस डेपोच्या गणवेशात एक रुंद खांद्यांचा माणूस बसला होता, तो जमिनीत शिरायला जागा शोधत होता. "हा बस चालवतो. डेपोच्या समारंभाला मी दरवर्षी याचा चुलतभाऊ म्हणून जातो. आता डेपोतली माणसं माझ्यासाठी मुलगी बघायला लागली आहेत. दोन स्थळं आली. त्यातलं एक, खरं सांगायचं तर, चांगलं आहे."

सभागृह हसून हसून लोटपोट झालं आणि मग टाळ्या. उभं राहून टाळ्या. चिटणीस, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, यांनी दोघांना कडकडून मिठी मारली. भावजी चष्मा पुसत राहिले. त्या संध्याकाळी मला मंडळाचा अभिमान वाटला, हे मी नाकारत नाही.

पुढच्या रविवारी दातांचे डॉक्टर वर्गात हजर. "बाई, तुमची पद्धत शिकायची आहे. मागे बसू का?"

मला आनंद झाला. बसायला लहान मुलांचं स्टूल होतं, त्यावर बसल्यावर त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. मुलांना त्याची मोठी गंमत वाटली. त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. मांडीवर वही, हातात पेन. आम्ही तेव्हा पुठ्ठ्याच्या नळ्यांचे पेरिस्कोप करायला घेतले होते. नळीत वर एक आरसा, खाली एक आरसा, दोन्ही तिरके, म्हणजे आवाराच्या उंच भिंतीपलीकडचा रस्ता मुलांना अलीकडून दिसेल. आरसा चिकटवताना लहान हात थरथरतात. भिंगदादा मनगटाला आधार द्यायचा, नळी स्थिर करायचा. तेव्हा डॉक्टर काहीतरी लिहायचे. मला वाटलं, आरशाचा कोन लिहून घेताहेत.

हळूहळू भिंगदादा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायला लागला. "तू धर. तूच धर. हं, असं." मुलांच्या हातून आरसे निसटायचे, एक फुटलासुद्धा.

मी विचारलं, "हाताला काही लागलंय का रे?"

"नाही मोठ्या बाई," तो म्हणाला. "हात ठीक आहेत."

मग महिन्याची सभा आली. भावजी उभे राहिले. "आपल्या एका सहकाऱ्याने मध्यंतरी धैर्याने स्वतःबद्दल सांगितलं. ते मुलांचा वर्ग घेतात. त्यामुळे काही पालकांच्या मनात शंका येऊ शकते. आपण अफवांवर चालणारी माणसं नाही, आपण पुराव्याची माणसं आहोत. म्हणून आपण ती शंका झटकून टाकली नाही आणि मानलीही नाही. आपण तपासून पाहिलं. चिटणीस, अहवाल वाचा."

आणि दातांच्या डॉक्टरांनी त्या भरल्या सभेत, भिंगदादा आणि त्याचा जोडीदार मागच्या रांगेत बसलेले असताना, वाचलं. सहकाऱ्यांचं मुलांशी वर्तन अनेक रविवार प्रत्यक्ष पाहण्यात आलं. स्पर्शाचे प्रसंग नोंदवण्यात आले, ते सर्व कामापुरते होते. काहीही आक्षेपार्ह आढळले नाही.

टाळ्या! अगदी मनापासून. भावजींचा चेहरा तर पूल पुरा झाल्यासारखा उजळला होता. लोक मागे वळून त्याला हसून दाखवत होते. बघ, तुझं नाव आम्ही स्वच्छ करून दिलं.

भिंगदादा उठला. माझ्या खुर्चीपाशी थांबला. "मोठ्या बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं रे."

"बरं," तो म्हणाला आणि गेला. त्याला माझं खरं वाटलं की नाही, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. बसवाला दोघांच्या पिशव्या उचलून त्याच्यामागे गेला.

दुसऱ्या दिवशी भावजी माझ्याकडे चहाला आले. त्यांना खरंच वाटलं होतं की मी कौतुक करणार.

"त्या पोराची माफी मागा," मी म्हणाले.

कप बशीवर आपटला. "माफी? कशाची? वहिनी, आम्ही त्याला निर्दोष ठरवलं!"

"तो आरोपी कधी झाला होता?"

"आरोपी कोण म्हणतंय? शंका होती, तिचं निरसन केलं."

"कुणाची शंका?"

"पालकांची."

"कोणत्या पालकांची? मी जाऊन बोलते."

भावजी खिडकीबाहेर बघायला लागले. "अगदी कुणी बोलून दाखवली असं नाही. पण उद्या कुणी विचारलंच, तर आपल्याकडे उत्तर असावं ना?"

म्हणजे एकाही आईने, एकाही बापाने तोंड उघडलं नव्हतं. शंका यांनीच पेरली आणि यांनीच उपटली.

"भावजी, आमच्या फळ्यावर काय लिहिलंय?"

"ते मुलांसाठी आहे, वहिनी."

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं, जसं वर्गात सांगते तसं, छोटे छोटे तुकडे करून. त्याने काय केलं होतं? काही नाही. फक्त काय सांगितलं? की माझा संसार आहे आणि तो याच्याबरोबर आहे. आपण काय म्हणालो? शाब्बास. आणि लगेच काय केलं? वर्गात माणूस बसवला. भावजी प्रत्येक तुकड्याला मान डोलवत होते आणि शेवटी म्हणाले, "पण निष्कर्ष तर त्याच्याच बाजूचा निघाला ना!" मी चहाचे कप उचलून आत गेले. नाहीतर एखादा फुटला असता.

मग मी चष्म्याच्या दुकानात गेले. मागच्या खोलीत चाक घरघरत होतं, पांढरी भुकटी त्याच्या कोपरापर्यंत चढली होती. मला बघून त्याने चाक थांबवलं आणि स्टूल पुसून दिलं.

"येत नाहीस?"

"नाही जमणार, मोठ्या बाई. मुलांचा हात धरला की वाटतं मागे कुणीतरी लिहितंय. आता डॉक्टर नसले तरी वाटणार. तसं वाटत असताना शिकवता येत नाही."

"पेरिस्कोप अर्धे राहिलेत."

"पंचेचाळीस अंशात आरसा लावा. डिंक वाळेपर्यंत हलवू नका."

"मला जमत नाही. निसटतो माझ्याकडून."

"तुम्ही घाई करता," तो म्हणाला. पहिल्यांदाच जरासा हसला. मग पुन्हा चाक सुरू केलं. मी थोडा वेळ बसून राहिले आणि उठले.

माझ्या आग्रहावरून कार्यकारिणी बसली. मला वाटलं होतं, आता तरी माफी. तर दातांच्या डॉक्टरांनी सूचना मांडली की सहकारी दुखावलेले दिसतात, तरी त्यांना मंडळाचं गौरवपत्र द्यावं. चौकटीत. त्यावर मजकूर काय असावा, यावर चर्चा सुरू झाली. "निष्कलंक" शब्द घालावा की "आदर्श", यावर दोन गट पडले. तेव्हा मी टेबलावर हात आपटला.

मी उभी राहिले.

"मलाही एक अहवाल द्यायचा आहे. गेले बरेच दिवस मी अध्यक्षांचं त्यांच्या नातवंडांशी असलेलं वागणं बघते आहे. ते नातीला मांडीवर घेतात. तिला खोकला झाला तेव्हा त्यांनी तिची पाठ चोळली. आंघोळीनंतर तिचे केस पुसून दिले. मी सगळं नीट पाहिलं. काहीही आक्षेपार्ह आढळलं नाही." मी आजूबाजूला बघितलं. "वाजवा ना टाळ्या."

कुणी हललं नाही. भावजींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"वहिनी, हा काय वाह्यातपणा आहे?"

"तुम्हाला निर्दोष ठरवलं, भावजी."

"पण माझ्यावर असा... असा घाणेरडा संशय घेतला कुणी?"

"कुणीच नाही. पण उद्या कुणी विचारलंच, तर आपल्याकडे उत्तर असावं."

दातांचे डॉक्टर पुढे सरसावले. "बाई, ही तुलना बरोबर नाही. अध्यक्षांची गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी? सांगा."

त्यांनी तोंड उघडलं. दुसऱ्यांच्या तोंडात डोकावण्यात आयुष्य गेलेला माणूस, पण त्यांचं स्वतःचं तोंड उघडंच राहिलं. सह्यांच्या मोहिमेत सगळ्यात जास्त घरं हेच फिरले होते. भर उन्हात, छत्री न घेता. मला त्यांचा रागही धड येईना. शेवटी त्यांनी वही मिटली आणि "मी बघतो" एवढंच म्हणाले. काय बघणार, ते त्यांनाही माहीत नसावं.

सभा तशीच उठली. भावजी माझ्याशी न बोलता गेले. मला वाटलं, आता हे घरीही यायचे नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी दारात.

"वहिनी," ते चपला न काढताच म्हणाले, "आज नात मांडीवर चढायला लागली आणि माझे हात आपोआप मागे गेले. ती पडली असती." ते दाराच्या चौकटीला टेकले. "असं कधी झालं नव्हतं."

भिंगदादाच्या हातांबद्दल मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. ते ऐकत राहिले आणि तसेच चष्म्याच्या दुकानाकडे गेले.

तासाभराने परत आले, तोंड पाडून. "मागितली माफी. तो 'ठीक आहे' म्हणाला. पण यायचं नाही म्हणाला."

"नेमकं काय बोललात?"

"म्हटलं, गैरसमज झाला असेल तर क्षमस्व, पण आमचा हेतू चांगला होता."

"देवा!" असं म्हणायची आमच्या मंडळात पद्धत नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

"भावजी, बसा. माझ्यामागून म्हणा. आम्ही चुकलो."

"आम्ही चुकलो. पण—"

"पण नाही. गैरसमज नाही. हेतू नाही. परत."

"आम्ही चुकलो." ते थांबले. एवढं छोटं वाक्य त्यांना जड जात होतं. "वहिनी, एवढंच? हे फारच उघडं वाटतं."

"हो. आणि ते दुकानात जाऊन कानात सांगायचं नाही. जिथे अहवाल वाचला, तिथेच म्हणायचं."

पुढच्या महिन्याच्या सभेला भावजी उठले. मागच्या रांगेत भिंगदादा नव्हता. बसवाला एकटाच बसला होता, गणवेशात, कामावरून थेट आलेला. भावजींनी खिशातून कागद काढला. "मित्रहो, आपल्या मंडळाचा हेतू नेहमीच—" त्यांची नजर माझ्याकडे गेली. कागद पुन्हा खिशात गेला.

"आम्ही एका माणसावर पाळत ठेवली," ते म्हणाले. "त्याने काही केलं नव्हतं. कुणी तक्रारही केली नव्हती. तो कोणाबरोबर राहतो हे त्याने आम्हाला विश्वासाने सांगितलं, एवढंच कारण होतं. मग आम्ही ते भर सभेत वाचलं आणि वर टाळ्या वाजवल्या. आम्ही चुकलो. मी चुकलो." आणि बसले.

टाळ्या वाजल्या नाहीत. काही जण नाराज होते, अध्यक्षांनी स्वतःला एवढं कमी लेखायला नको होतं, अशी कुजबुज सुरू झाली. माझ्या मागचे गृहस्थ म्हणाले, "पण अहवाल तर चांगला होता!" मी वळून बघितलंसुद्धा नाही. एका सभेत किती जणांना शिकवणार?

बसवाला उठून पुढे आला. भावजींसमोर उभा राहिला. मग तो म्हणाला, "सांगतो त्याला," आणि गेला.

आज रविवार. पेरिस्कोपच्या नळ्या खिडकीत ओळीने उभ्या आहेत, वरचे आरसे बसलेत, खालचे नाहीत. मुलांनी पूर्ण करायची घाई केली, मी करू दिली नाही. मुलांपासून मी काही लपवलं नाही, भिंगदादाशी मोठी माणसं चुकीचं वागली, हे त्यांना माहीत आहे. चष्मेवाली पोरगी माझ्या पदराला लोंबकळून विचारते, "तो येणार का?"

आमच्या वर्गात "माहीत नाही" हे मानाचं उत्तर आहे. ज्याला माहीत नाही त्याने तसं म्हणावं आणि शोधायला लागावं. आजवर ते उत्तर देताना मला कधी लाज वाटली नव्हती.

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि त्याची जागा मोकळी ठेवून स्टुलं मांडायला घेतली.